अर्धी ओळ तिसऱ्या ट्रॅकवर

जुन्या कॅसेटा घेऊन माझ्या स्टुडिओत येणाऱ्या बहुतेकांना त्या पेन ड्राइव्हवर उतरवून हव्या असतात. उमरग्याकडच्या आराधी मेळ्यातल्या, म्हणजे तुळजाभवानीची गाणी म्हणणाऱ्या मंडळींतल्या, मावशींचं काम तेवढ्यानं भागणार नव्हतं. नवरात्राच्या तोंडावर त्या सून आणि नातीला घेऊन धाराशिवला आल्या. तुळजापूरला पायी जाताना मेळा कुठं कुठं उतरायचा, ते सांगणारं एक कवन नातीला गायचं होतं. त्याचं शेवटचं कडवं घरात कुणालाच येत नव्हतं. मावशींचा गळा आता बसलाय, आणि नळदुर्गाच्या पुढचे मुक्काम त्यांच्याही ध्यानात राहिले नव्हते.

कॅसेटवर ते कडवं होतं. पण नेमकं तिथंच संबळ आणि झांज इतकी रंगात आलेली, की शब्द लागत नव्हते. मिश्र गाण्यातून आवाज वेगळा काढणारी सॉफ्टवेअर आता मिळतात, ती लावून पाहिली. झांजेचा छणत्कार आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार साधारण एकाच वरच्या पट्ट्यात असते. झांज गेली तशी शब्दांची धारही गेली.

ते रेकॉर्डिंग नव्वदच्या दशकात मीच केलेलं, घरच्या माडीवर, फोर-ट्रॅक कॅसेट मशीनवर, म्हणजे एकाच फितीवर चार आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत (ट्रॅकवर) घेणाऱ्या यंत्रावर. शेजारची पिठाची गिरणी बंद झाली आणि लाइट असली, की रात्री काम सुरू व्हायचं. संबळ, झांज, तुणतुणं बाहेरच्या खोलीत; मावशी आणि मागं धरणाऱ्या बायका आत, वेगवेगळ्या माइकवर. ताल ऐकू यावा म्हणून दार बोटभर उघडं. पहिल्या ट्रॅकवर संबळ-झांज, दुसऱ्यावर तुणतुणं, तिसऱ्यावर बायका, चौथ्यावर मावशी. मग चारही एकत्र करून विक्रीची कॅसेट निघायची. जत्रेतल्या भोंग्यावर संबळ घुमला पाहिजे, हा मेळ्याचा आग्रह असायचा आणि तो रास्तच होता.

चार ट्रॅकची मूळ कॅसेट ट्रंकेत होती. ती वाजवणारं मशीन मात्र कधीच गेलेलं: रबरी पट्ट्याचा चिकट काळा लगदा झालेला, मोटरचं सर्किट जळालेलं, सुटे भाग मिळेनात.

इथं थोडं तपशिलात जायला हवं, कारण अशा कॅसेटा मराठवाड्यात अजून कितीतरी घरांत पडून असतील आणि ‘खराब झाली’ म्हणून फेकल्या जातील. नेहमीच्या कॅसेटच्या 3.81 मिलिमीटर रुंद फितीवर दोन ट्रॅक ‘ए’ बाजूचे आणि दोन ‘बी’ बाजूचे असतात, उलट दिशेनं. फोर-ट्रॅक मशीन हे चारही एकाच दिशेनं वापरतं. माझं मशीन फीतही दुप्पट वेगानं पळवायचं; साध्या डेकवर (कॅसेट वाजवायच्या यंत्रावर) सेकंदाला 4.76 सेंटिमीटर, माझ्या मशीनवर साडेनऊ. त्यामुळे ही कॅसेट साध्या डेकमध्ये घातली, की ‘ए’ बाजूला संबळ निम्म्या वेगानं घोगरा धपधपतो आणि ‘बी’ बाजूला गाणं उलटं ऐकू येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, फीत गेली. फीत अगदी ठणठणीत असते.

कॅसेट उघडण्याआधी पाहिलं तर आतला नमद्याचा छोटा तुकडा गळून पडलेला. फितीला हेडवर, म्हणजे डेकच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो तो हाच. कवचाचे पाच स्क्रू काढले आणि दोन्ही रिळं उचलून तशाच स्क्रूच्या दुसऱ्या कवचात बसवली. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. हेडचा कोन ठरवणारा स्क्रू केसभर फिरवत राहिलो, झांजेचा आवाज सगळ्यांत स्वच्छ येईपर्यंत. मग दोन्ही बाजू संगणकावर घेतल्या, 96 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 96 हजार नमुने (सॅम्पल). ‘बी’ बाजू उलटी फिरवली. फाइल दुप्पट, 192 किलोहर्ट्झची आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं, की ते ती दुप्पट वेगानं वाजवतं; वेग आणि पट्टी दोन्ही जागेवर. फितीची सळसळ दाबणारं नॉइज रिडक्शन रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवलेलं होतं, म्हणून हे जमलं. नाहीतर त्याची उकल वेगळी करावी लागली असती.

दोन वेळा वाजवलेली फीत तंतोतंत एका वेगानं धावत नाही, त्यामुळे थोड्या वेळात संबळ पुढं आणि मावशी मागं असं व्हायला लागलं. मावशींच्या माइकमध्ये दाराच्या फटीतून शिरलेला पुसट संबळ होता. त्याच्या ठोक्यावर बोट ठेवून मी तुकड्या-तुकड्यानं जुळवत गेलो.

मावशींना हेडफोन लावला आणि फक्त चौथा ट्रॅक सोडला. तीन ओळी लख्ख निघाल्या, सून लिहून घेत होती. चौथ्या ओळीत मावशींचा आवाज मध्येच थांबायचा.

“इथं म्या म्हणलंच न्हाई रं,” त्या म्हणाल्या. “निम्मी वळ बायकांनी उचलायची असती. बायका कुठं हाइत?”

बायका तिसऱ्या ट्रॅकवर होत्या. तो उघडला. उरलेली अर्धी ओळ चार गळ्यांतून आली, मुक्कामाच्या विहिरीच्या नावासकट. मावशींनी लगेच हात वर केला. “आता जरा संबळ दे. तालाबिगर लेकराच्या तोंडी बसायचं न्हाई.” पहिला ट्रॅक हळूच वर घेतला. नात त्याच्यावर धरून म्हणू लागली.

दुपारी नातीचं रेकॉर्डिंग घेतलं. संबळवाल्याला हेडफोनमध्ये तिचा आवाज उशिरा येत होता. टेपवर ही भानगड नव्हती. संगणक आवाज तुकड्यांत गोळा करून पुढं देतो आणि 1024 सॅम्पलचा असा एक तुकडा, म्हणजे बफर, 48 किलोहर्ट्झला जातानाच 21 मिलिसेकंद खातो, येताना पुन्हा तेवढेच. बफर 128 वर आणला, तक्रार मिटली. क्लिक, म्हणजे कानात एकसारखी टिकटिक, लावली नाही. आराधी गाण्याची लय चढत जाते, ती चढू दिली पाहिजे. ठोके ओढून रेघेवर बसवणं मला अमान्य आहे. जुन्या ट्रॅकवरची फितीची सळसळही मी थोडीच कमी केली, जास्त पुसली की आवाजाचा श्वास जातो.

संध्याकाळच्या एसटीनं ती मंडळी निघाली, तेव्हा त्यांच्याजवळच्या पेन ड्राइव्हवर पूर्ण गाणं होतं आणि चारही जुने ट्रॅक सुटे. तेच सुटे ट्रॅक माझ्याकडे दोन हार्ड डिस्कवर आहेत. ट्रंकेतल्या बाकीच्या फोर-ट्रॅक कॅसेटा आता एकेक करून काढतोय. ज्यांचे मेळे अजून गातात, त्या आधी.