आमची वाटचाल : हिरवा ठिपका, लाल ठिपका

फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारी पायाने दाबायची डबी, बनवणारे आता पुष्कळ झालेत. त्यातले बरेच जण डबीवर छापतात, "ट्रान्झिस्टर हाताने निवडलेले." आम्ही हे कधी छापलं नाही. पण आमच्या टेबलावर ते काम कसं चालायचं आणि पुढे कुठे गेलं, हे एकदा लिहून ठेवायचं होतं.

सुरुवातीला मी आणि माझा भागीदार, दोघंच. मी सोल्डर मारायचो, तो मोजायचा. १९६६च्या फझ फेस पेडलपासून चालत आलेलं ते दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट दिसायला पोरखेळ. पण जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर लावायचे तर पहिल्याचं गेन (तो करंट किती पटीने वाढवतो तो आकडा) सत्तर-ऐंशी आणि दुसऱ्याचं ११०-१२०च्या आसपास हवं, नाहीतर आवाज मनासारखा लागत नाही. मल्टिमीटरच्या भोकात खोचून येणाऱ्या आकड्यावर जाऊ नका. तो गळती, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून झिरपणारा करंट, तीही गेन म्हणूनच मोजतो.

म्हणून भागीदाराने मोजायचा डबा केला. युक्ती जुनीच: नऊ व्होल्टची बॅटरी, ट्रान्झिस्टरच्या बेस या पायाला बटणामार्गे २.२ मेगओहमचा रेझिस्टर, कलेक्टर या पायाला २.४७२ किलोओहमचा. असला रेझिस्टर कोण देणार? त्याने २.२ के आणि २७० ओहम एकापुढे एक जोडले. बटण न दाबता कलेक्टरच्या रेझिस्टरवर जे व्होल्ट दिसतात ती गळती. दाबल्यावरच्या आकड्यातून ती वजा करायची आणि शंभराने गुणायचं. आधी ०.२५, नंतर १.०५, तर खरं गेन ८०. वजाबाकी विसरलात की १०५ धरून बसता. बोटांच्या उबेनेही आकडा चढतो, म्हणून ट्रान्झिस्टर खोचला की तो हाताची घडी घालून बसायचा, आकडा उतरून स्थिर होईपर्यंत. मला तेव्हा त्याचा राग यायचा. मग ट्रान्झिस्टरच्या टोपीवर नेलपॉलिशचा ठिपका, पहिल्या जागेला हिरवा, दुसऱ्या जागेला लाल.

मधली वर्षं बरी गेली.

मग एसी१२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा तो लॉट आला. पुरवठादाराचं नाव घेत नाही. छपाई कोरी करकरीत, पाय चकाचक. "इतक्या जुन्या मालाचे पाय असे चमकतात का रे?" भागीदाराने विचारलं होतं. मोठी ऑर्डर डोक्यावर होती. मी म्हणालो, दहातला एक मोज, बाकीचे लावून टाकू. हे मी म्हणालो, मान्य.

टेबलावर पेडलं झकास वाजली. स्टेजवर, तापलेल्या दिव्यांखाली, एकेक गुदमरायला लागलं. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. गळका ट्रान्झिस्टर गार खोलीत निभावून नेतो, गरम झाला की दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर हवे असलेले साडेचार व्होल्ट कुठल्या कुठे सरकतात. आमचं पहिलं पेडल ज्यांनी घेतलं ते काका म्हणाले, "तुमचं नवं पेडल सकाळी गातं आणि रात्री खोकतं." त्यांनी निदान आम्हाला सांगितलं. आमच्या स्पर्धकाने मात्र सगळ्या दुकानदारांना सांगितलं की हे लोक सडका माल भरतात. महिनाभर एकही ऑर्डर नाही, आणि दारात परत आलेल्या पेडलांची रास.

एकेक उघडून मोजलं. निम्म्यांत लॉटच नासका होता. नुसती गळतीच एक व्होल्टच्या वर, म्हणजे चारशे मायक्रोअँपिअरहून जास्त. उरलेल्यांत दोष माझ्या हाताचा निघाला. पाय आखूड कापलेले, अगदी बुडाशी वाकवलेले, आणि घाईत एकेका सांध्यावर पाच-सहा सेकंद टेकवलेलं सोल्डरिंग आयर्न. साडेतीनशे अंशांचं टोक, आणि जर्मेनियम शंभराच्या आसपासच दम तोडतं. स्पर्धकाला हे कळलं असतं तर तो आणखी खूश झाला असता.

काकांनी पैसे परत मागितले नाहीत. ते आपलं पहिलं पेडल घेऊन आले. "हे उघडा आणि यात काय निराळं केलं होतंत ते बघा." आत सॉकेट होते, म्हणजे ट्रान्झिस्टर सोल्डर न मारता नुसता खोचायच्या जागा. चार पैसे वाचवायला मध्येच ते आम्ही काढून टाकले होते.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. सॉकेट लावा. नाहीच लावणार तर सगळ्यात शेवटी ट्रान्झिस्टर, आणि पायाला सांधा व बुडाच्या मध्ये क्रोकोडाइल क्लिप, म्हणजे उष्णता तीच शोषते. मल्टिमीटरच्या डायोड टेस्टवर ०.६ दिसलं तर जर्मेनियमच्या नावाखाली सिलिकॉन गळ्यात मारलंय. सिलिकॉनचेही लाड करू नका: बीसी५४७ आणि २एन३९०४ दिसायला जुळे, पण पायांचा क्रम बरोबर उलटा. उलटा लावला तरी आवाज येतो, फक्त मरतुकडा, आणि माणूस उगाच कपॅसिटर बदलत बसतो. बीएस१७० हा मॉसफेट जातीचा ट्रान्झिस्टर हाताळायचा तर आधी अंगावरची स्टॅटिक वीज उतरवा, त्याचा गेट हा पाय नाजूक असतो.

त्या वर्षाअखेरीस भागीदार सोडून गेला. स्पर्धकाकडेच. डबा घेऊन गेला. डबा त्यानेच बनवला होता, तेव्हा त्याला चोरी म्हणता येत नाही. मी नवा केला, २.२ के आणि २७० ओहमचाच.

मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक स्पर्धकाचं पेडल दुरुस्तीला घेऊन आलं. आवाज येत नव्हता. झाकण काढलं तर आत सॉकेट, आणि टोप्यांवर एक हिरवा ठिपका, एक लाल. बिघडला होता फूटस्विच. तो बदलून दिला. गिऱ्हाईक गेल्यावर नव्हे, आधीच, त्याच्यासमोर दोन्ही ट्रान्झिस्टर काढून डब्यात खोचले आणि हाताची घडी घालून बसलो. ७८ आणि ११५.