सॅक्रॅमेंटो स्ट्रीटवरचं दार

फ्रीमाँटला लेकीकडे आले की एक दिवस मी माझ्या एकटीसाठी ठेवते. यंदा तो सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनला दिला. विकून आणलेल्या चिनी मुलींवरची एक कादंबरी वाचली होती. ती वाचून संपली, तरी तिच्यातलं घर मनातून जाईना. घर खरंच आहे: ९२०, सॅक्रॅमेंटो स्ट्रीट.

बार्ट या लोकल गाडीने पॉवेल स्ट्रीट, तिथून केबल कारने नॉब हिल, मग पायी खाली. उतार चांगलाच अंगावर येतो. उजव्या-डाव्या हाताला वाळत घातलेले कपडे, औषधी मुळ्यांचा वास, आणि मध्येच ही लाल विटांची भक्कम इमारत. भिंतीतल्या काही विटा काळपट, वेड्यावाकड्या. मी हात लावून पाहिला. १९०६च्या भूकंपानंतर आग पसरू नये म्हणून मूळ घर सुरुंगाने उडवलं होतं. हे त्यानंतरचं.

प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनमधल्या बायकांनी १८७४ साली चायनाटाऊनमध्ये हे आश्रयघर काढलं. गरज का पडली, हे कायद्यांकडे पाहिलं की कळतं. १८७५च्या पेज कायद्याने बंदरावर उतरणारी प्रत्येक चिनी बाई वेश्याव्यवसायासाठी आणलेली असल्याच्या संशयाखाली आली. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झालं. पुरुष इथे, बायकामुलं तिकडे. मग मुलींची किंमत चढली. लग्न लावतो, काम देतो असं सांगून दलाल त्यांना खोट्या कागदांवर कुणाची तरी मुलगी किंवा बायको म्हणून आणत. करारावर अंगठा घेत; मुलगी फार दिवस आजारी पडली तर मुदत वाढे. लहानग्यांना ‘मुई त्साई’, म्हणजे घरकामाच्या पोरी, म्हणून राबवत. कागदपत्रांत त्या माणसं नव्हत्याच, माल होत्या.

डोनाल्डिना कॅमेरॉन १८९५ साली इथे शिवण शिकवायला आली आणि १९३४पर्यंत राहिली. मुली तिला ‘लो मो’ म्हणत, म्हणजे म्हातारी आई. ‘सोडवा’ अशी चिठ्ठी यायची, कॅमेरॉन पोलीस घेऊन निघायची. मालकही गप्प बसत नसत. ‘पोरीने दागिने चोरले’ अशी फिर्याद करून तिला परत मागत. १९०० साली कुम क्वे नावाच्या मुलीला असंच पालो आल्टोच्या कोठडीत टाकलं, तेव्हा कॅमेरॉन रात्री तिच्यासोबत कोठडीत राहिली. आज आपली मुलं संगणकाच्या नोकऱ्या करतात, तेच पालो आल्टो.

पण मला खटकतं ते एवढंच, की कादंबऱ्यांत गोरी बाई दार फोडते आणि चिनी मुलगी रडते. त्या अंधाऱ्या खोलीत मुलीशी तिच्या भाषेत बोलायचं कुणी? तिएन फू वू हिला बापाने जुगाराच्या कर्जापायी विकलं होतं. ती १८९४ साली या घरात आली आणि पुढे अनेक दशकं सुटकेच्या कामात कॅमेरॉनची दुभाषी राहिली. ताय ल्युंग ठरवलेल्या लग्नातून पळून इथे आली, दुभाषी झाली, १९१० साली एंजल आयलंड या बेटावर, बाहेरदेशातून येणाऱ्यांना अडवून तपासायच्या केंद्रावर कामाला लागली आणि १९१२ साली तिने मतदान केलं. कादंबरी लिहायची तर या दोघींची लिहावी. घरातली शिस्तही कडक होती: शिवण, प्रार्थना, परवानगीशिवाय बाहेर पाऊल नाही. सगळ्याच मुली खूश नव्हत्या, काही पळूनही गेल्या.

पायरीपाशी उभी असताना पंडिता रमाबाई आठवल्या. १८८८ साली त्या याच शहरातून जहाजाने निघाल्या आणि ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडलं.

पुढच्या शनिवारी लेकीला घेऊन फेरीने एंजल आयलंडला गेले. अडकवून ठेवलेल्या चिनी पुरुषांच्या बराकीत लाकडी भिंतींवर त्यांनी कोरलेल्या कविता आहेत. बोट फिरवावंसं वाटतं. लेकीने विचारलं, “बायकांच्या कुठे आहेत?” बायकांना मुख्य इमारतीत ठेवत. ती १९४० साली जळाली, आणि भिंतींवर जे लिहिलं होतं तेही तिच्यासोबत गेलं.

आम्ही दोघी त्या मोकळ्या जागेपाशी परतीच्या फेरीची वेळ होईपर्यंत बसलो.