खिडकी कुठल्या बाजूला आहे?

दोन-तीन रात्रींसाठी सगळ्यांनी मिळून एखाद्या मोठ्या शहरात जायचं ठरलं की आमच्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एका पार्टीला नवीन, चकाचक, पार्किंगवालं हॉटेल हवं असतं, मग ते शहराबाहेर हायवेला का असेना. दुसऱ्या पार्टीत मी एकटीच, मला भर गावातलं, शंभरेक वर्षं जुनं, उंच छताचं, संगमरवरी जिन्याचं हॉटेल हवं असतं. यावर ‘तुला फोटो काढायला पाहिजे ते’ असं ऐकून घ्यावं लागतं, आणि ते अगदीच खोटं नाही, पण माझा खरा मुद्दा दुपारचा आहे.

म्हणजे बघा, बरोबर लहान पोरं आणि म्हातारी माणसं असली की दुपारी दोनच्या सुमाराला सगळी गाडी बसते. पोरगं रडकुंडीला आलेलं, सासूबाई बाक दिसेल तिथे बसतायत, फोनची बॅटरी संपत आलेली. हॉटेल चालत दहा मिनिटांवर असेल तर खोलीत जायचं, पाय सोडून तासभर पडायचं, तोंड धुवायचं आणि ताजंतवानं होऊन परत बाहेर. हॉटेल लांब असलं की सकाळी बाहेर पडलेला माणूस रात्रीच परत येतो, तोही झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन आणि सगळ्यांशी अबोला धरून. जुनी हॉटेलं भर गावात असतात कारण ती बांधली तेव्हा लोक ट्रेनने यायचे, स्टेशन, मुख्य चौक, थिएटर असं सगळं हाकेच्या अंतरावर लागायचं. गाड्या नंतर आल्या, त्यामुळे पार्किंगची बोंब असते हे मला मान्यच आहे, आणि तिथले पार्किंगचे पैसे खोलीच्या भाड्यात बहुतेक वेळा नसतात, ते आधीच विचारून घ्यावं.

पण जुन्या हॉटेलाची खरी मेख वेगळी आहे. नव्या साखळी हॉटेलात तिसऱ्या मजल्यावरची खोली आणि सातव्यावरची खोली, उशीचा रंगसुद्धा तोच. जुन्या ठिकाणी मात्र एकाच भाड्याच्या दोन खोल्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. त्यामुळे तिथे हॉटेल निवडून भागत नाही, खोली निवडावी लागते. आणि साइटवरचा फोटो हमखास कोपऱ्यावरच्या, दोन खिडक्यांच्या खोलीचा असतो, जी आपल्याला मिळणार नसते.

हा फरक येतो कुठून, तर बऱ्याच अंशी बाथरूममुळे. १८२९ साली बॉस्टनला ट्रेमाँट हाऊस सुरू झालं तेव्हा इमारतीच्या आत नळ, प्रत्येक खोलीला कुलूप आणि फुकट साबण याचंच लोकांना केवढं अप्रूप होतं, खोलीला जोडून बाथरूम वगैरे भानगडच नव्हती. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनावरचं मिडलँड ग्रँड हॉटेल १८७३ ला उघडलं, बाहेरून राजवाडा, आत खोल्या भरपूर आणि बाथरूम मोजकी. शिवाय आग पसरू नये म्हणून जमिनी इतक्या भक्कम केलेल्या की नंतर पाइप घालणं महाकठीण, शेवटी १९३५ ला ते बंदच झालं आणि हॉटेल म्हणून परत उघडायला २०११ उजाडलं. उलट अमेरिकेत बफेलोला स्टॅटलर नावाच्या हॉटेलमालकाने १९०८ च्या हॉटेलात प्रत्येक खोलीला बाथरूम दिली, युक्ती अशी की शेजारशेजारच्या दोन बाथरूम पाठीला पाठ लावून बांधायच्या आणि सगळे पाइप मधल्या एकाच उभ्या पोकळीतून न्यायचे. हुशारी आहेच, पण शेजाऱ्याचा रात्री दोनचा फ्लश आपल्याला ऐकू येतो त्याचं मूळही अशाच मांडणीत असतं. तर त्याआधीच्या काळातली हॉटेलं असतील तिथे बाथरूम नंतर कुठेतरी कोंबलेली असते, खोलीचा कोपरा कापून किंवा जुनं कपाट पाडून. दार उघडलं की कमोडला आपटतं. तिथे बाथटबच्या उंच कडेवरून सासूबाईंना पाय टाकता येणार नाही, म्हणून शॉवर आहे की टब हे मी स्वतः फोन करून विचारते, कॉल सेंटरला नाही, हॉटेलच्या फ्रंट डेस्कला, कारण त्यांना खोल्या नंबरानिशी पाठ असतात.

मजल्याचंही तसंच. लिफ्ट नव्हती तेव्हा वरचे मजले म्हणजे नोकरांच्या किंवा स्वस्तातल्या खोल्या, बुटक्या छताच्या. ओटिस नावाच्या लिफ्ट बनवणाऱ्याने १८५४ ला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः लिफ्टवर उभं राहून तिचा दोर कापून घेतला आणि लिफ्ट खाली पडत नाही हे दाखवलं, त्यानंतर हळूहळू वरच्या मजल्यांचा भाव वाढला. म्हणून लिफ्टच्या आधीची इमारत असेल तर ‘टॉप फ्लोअर’ ऐकून हुरळून जाऊ नये. आणि लिफ्ट नंतर बसवलेली असली तर ती इवलीशी असते, चार माणसं आणि चार बॅगा म्हणजे तीन फेऱ्या.

मग येते खिडकी, आणि माझं सगळं भांडण खिडकीवरून असतं. एसी आणि धड विजेचे दिवे नव्हते तेव्हा प्रत्येक खोलीला उजेड-वारा हवाच, म्हणून इमारतीच्या मधे चौक किंवा चक्क एक उभा बोळ सोडायचे. त्या बाजूच्या खोलीतून समोरची भिंत आणि पाइप दिसतात, लोक तिला नाकं मुरडतात. रस्त्याकडची खोली दिसायला भारी, पण बऱ्याच ठिकाणी वारसा नियमांमुळे मूळ खिडक्या बदलू देत नाहीत, एकेरी काच, आणि रात्री एकला खाली बारमधून बाहेर पडलेली माणसं जणू आपल्याच उशाशी बोलतायत असं वाटतं. काही हॉटेलं आतून दुसरी काच बसवतात, ती आहे का विचारायचं. नसेल तर मी बिनधास्त आतली खोली घेते. दृश्य बघायला आपण दिवसभर बाहेर असतोच की, आणि पोरं झोपली नाहीत तर दुसऱ्या दिवशी कुठलंच दृश्य बघवत नाही.

दोन खोल्या घेणार असाल तर ‘शेजारशेजारच्या’ वर समाधान मानू नका, मधे दार आहे का ते विचारा, आणि तशी खोली नक्की मिळणार की फक्त ‘विनंती नोंदवली’ तेही. रिव्ह्यू मी फक्त गेल्या काही महिन्यांतले वाचते. ‘फर्निचर जुनाट’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष (जुन्या हॉटेलात काय नवं असणार), पण ‘गरम पाणी येत नाही’ किंवा ‘सकाळी सातपासून ड्रिलिंग’ असं दोघांनी लिहिलं असेल तर पुढचं हॉटेल. ऑफिसांचा भाग असेल तर शनिवार-रविवारी भाडं बऱ्याचदा उतरतं, मात्र आसपासची खाण्याची ठिकाणंही तेव्हा बंद असू शकतात, उपाशी पोरं घेऊन फिरायची वेळ येते.

पोरांना यातल्या कशाचंच काही नसतं म्हणा. त्यांना दारातलं ते गोल फिरणारं दार मिळालं की झालं, १८८८ च्या पेटंटची ही वस्तू, वारा आत येऊ नये म्हणून केलेली, आणि ती निघाली पोरांचा पाळणा व्हायला. फक्त बॅगा बाजूच्या साध्या दाराने न्यायच्या, कारण मोठी ट्रॉली त्यात अडकली की आतले आत, बाहेरचे बाहेर, आणि दरवान आपल्याकडे बघत राहतो.