आग्रह न चालणारे पाहुणे

पाळलेल्या जिवाने आपल्याला ओळखावं, निदान डबा उघडल्याचा आवाज आला की धावत यावं, एवढी माफक अपेक्षा कुणाचीही असते. बेडकाची पिल्लं ती पहिल्याच दिवशी मोडीत काढतात. टबावर सावली पडली की तळाशी पळायचं, एवढीच त्यांची आपल्याशी ओळख. तरीही पावसाळा आला की आमच्या ठाण्यातल्या मानपाड्याच्या घरात तो पसरट टब माळ्यावरून निघतोच.

पिल्लं येतात इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटवरून. येऊर जवळच आहे, पण तिथून काही उचलायचं नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथल्या डबक्यांचं आमच्यावाचून काही अडत नाही. अडतं ते जेसीबीने उकरलेल्या खड्ड्यांचं. जुलैत चार दिवस उघडीप पडली की घोडबंदर रोडवर धूळ उडायला लागते आणि खड्ड्यातलं पाणी ओंजळभर उरतं. त्यात शेकडो पिल्लं वळवळत असतात. सगळी उचलायची नाहीत. काठावर ढोकरी टपून असते, तिलाही पोट आहे. चहाच्या गाळणीत येतील तेवढी पुरे.

खरी गंमत पुढे, खाण्यापिण्याची. घरात नवीन जीव आला की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘काय खातो?’ सासूबाईंनीही तोच विचारला. आता एकाच टबातल्या पंक्तीला तीन तऱ्हा. भेकाची, म्हणजे खडबडीत कातडीच्या बेडकाची, पिल्लं काळीभोर, घोळक्याने फिरणारी. उकडलेल्या पालकाचं पान टाकलं की त्याला डकतात आणि ओठांवरच्या बारीक दातांच्या ओळींनी खरवडत राहतात. संध्याकाळी पाहावं तर पानाच्या शिरांची जाळी तेवढी शिल्लक. त्यांच्यातच काही अर्धपारदर्शक पिल्लं असतात, मायक्रोहायला नावाच्या चिमुकल्या बेडकांची. ती पालकाकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्या तोंडात खरवडायचं हत्यारच नाही. पाण्याच्या वरच्या थरात स्तब्ध तरंगायचं, पाणी आत घ्यायचं आणि त्यातले सूक्ष्म कण गाळून खायचे. भिंग धरलं तर पोटातलं आतड्याचं वेटोळं आरपार दिसतं. तिसरी तऱ्हा मोठ्या बेडकाच्या पिल्लाची. पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन, निळ्या पिशव्या फुगवून ओरडणारा नर असतो ना, त्याचं. हे पिल्लू शेजाऱ्यांनाच खातं. ते दिसलं की लगेच पंक्तीतून उठवायचं आणि खड्ड्यात परत.

‘अजून थोडं घे’ मात्र इथे चालत नाही. उरलेला पालक पाणी नासवतो आणि नासलेल्या पाण्यात पिल्लं मरतात. म्हणून चिमूटभरच वाढायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उडून जायला बादली रात्रभर उघडी ठेवायची आणि एक दिवसाआड टबातलं थोडं पाणी बदलायचं. त्यात डासांच्या अळ्या दिसल्या तर त्याही निघून जातात. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही, तो भाग वेगळा.

मागचे पाय फुटतात तोवर सगळं सुरळीत असतं. पुढचे पाय कातडीखाली आधीच तयार असतात. भेकाच्या पिल्लाचा बरेचदा डावा आधी निघतो, कारण कल्ल्यांतलं पाणी सोडायचं छिद्र त्याच बाजूला असतं. आणि इथेच पिल्लू खाणं बंद करतं.

“अगं, कालपासून तोंडात काही घेतलं नाही याने,” सासूबाई म्हणाल्या.

“श्रावण आहे ना, उपास असेल.”

“निर्जळी नाही ना?”

पाण्यात बसलेल्याबद्दल ही चौकशी! पण उपास खराच. तोंड रुंद होतंय, कल्ले जातायत, पालक पचवणारं लांबलचक आतडं आखूड होतंय. मुंगी खाणाऱ्याला ते लागत नाही. स्वयंपाकघर मोडून बांधायला काढलंय, तिथे चूल कशी पेटणार? तोवर शेपटीवर भागवायचं. शेपूट गळून पडत नाही, अंगातच जिरते. या सगळ्यामागे थायरॉइड ग्रंथीचा स्राव असतो. 1912 साली गुडर्नाट्श नावाच्या शास्त्रज्ञाने पिल्लांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खायला घातली, तर ती वाढ पुरी व्हायच्या आतच बेडूक झाली, अगदी इवलीशी. आग्रहाचं हे टोक झालं. या दिवसांत आपण एकच करायचं: पाणी कमी करून कौलाचा तुकडा तिरका ठेवायचा. हवेवर जगायला लागलेल्या पिल्लाला बाहेर चढता आलं नाही, तर ते बुडतं. बेडूक बुडतो, हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

सोडायच्या वेळी प्रत्येकाचा सल्ला एकच: उपवन तलावात सोडा, मोठं पाणी आहे. पण तिथे मासे आहेत, शिवाय एका पाण्यातला रोग दुसऱ्या पाण्यात जातो. काइट्रिड या बुरशीने जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवल्यात. म्हणून जिथून आणली तिथेच, प्लॉटच्या कडेच्या टाकळ्याच्या रानात, पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी.

डबा घेऊन निघाले तर सासूबाई दारात. “तिकडे खायला काय मिळेल यांना?”

“मुंग्या, वाळवी, चिलटं. मोठे झाले की एखादा डाससुद्धा.”

“डास? मग दोन ठेवून घे की इथेच.”