तुम्ही विचारलंत म्हणून: रिटायर झाल्यावर वेळ कसा जातो?

हा प्रश्न मला फेरीबोटीत विचारतात, लग्नात पंगतीला बसल्यावर विचारतात, परवा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं आणि त्यात कापूस असताना विचारला. "मग काका, आता वेळ कसा जातो?" तेव्हा बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून आता सगळ्यांना एकदमच सांगतो आणि जरा सविस्तर सांगतो, कारण दोन वाक्यांत सांगितलं की समोरचा म्हणतो "म्हणजे एकदम सुशेगाद!" आणि विषय तिथेच संपतो. सुशेगाद हा शब्द पोर्तुगीजातून आला, त्याचा अर्थ शांत, निवांत. रिकामा असा नाही. पण मुंबई-पुण्याचे पाहुणे तो रिकामा असाच घेतात, त्याला आपण काय करणार.

मी गोव्यातल्या चोडणचा. मांडवी नदीतलं बेट, इकडून रायबंदरला फेरीने जायचं आणि पुढे बसने पणजी. पणजीच्या सरकारी खात्यात मी पस्तीस वर्षं नोकरी केली, १९८४ ला लागलो आणि मार्च २०१९ ला साठ पुरी झाली तसा सुटलो. एवढी वर्षं मी फेरीत कुठे उभा असायचो माहीत आहे? अगदी पुढे, फळी खाली पडते तिथे. कारण बोट टेकली की पहिल्या पाच-दहा जणांत उतरलं तरच ती बस मिळायची, ती चुकली की मस्टरवर उशिराची सही. त्यामुळे मला रायबंदरचा धक्का पाठ होता, धक्क्यावरच्या भेगासुद्धा पाठ होत्या, आणि बाकीची नदी मी बघितलीच नव्हती. खरं सांगतो, बघितलीच नव्हती.

१९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा. पणजी ते बेती सगळा लोंढा फेरीबोटींवर आला, पर्वरी-म्हापशाची माणसं बोटीतून उतरताना कासावीस व्हायची. आम्हा चोडणकरांना त्यात नवीन काही नव्हतं, फेरीची वाट बघणं हे आमच्या अंगात जन्मापासून. पण वाट बघणं वेगळं आणि घड्याळाकडे बघत वाट बघणं वेगळं, हे मला साठीनंतर कळलं.

आता मी साडेदहाची फेरी घेतो. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, त्यामुळे पेन्शनलाही धक्का नाही. २०२५ मध्ये आमच्याकडे रो-रो फेरी आली, मोठी, गाड्या भरपूर मावतात, शाळेच्या पोरांना त्याचं फार अप्रूप वाटलं. मी मात्र कडेला, खारफुटीच्या बाजूला उभा राहतो. त्या खारफुटीतच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ पासूनचं, लांबलांबून माणसं कॅमेरे घेऊन येतात आणि माझं घर तिथून चालत वीस मिनिटांवर, तरी नोकरीत असताना मी आत एकदाही गेलो नाही. रिटायर झाल्यावर पहिल्या आठवड्यात गेलो. चिखलात उड्या मारणारे ते छोटे मासे असतात ना, ते बघत तासभर उभा होतो, बायकोचा फोन आला तेव्हा भानावर आलो, ती म्हणाली, "अहो, आहात कुठे, आमटी थंड झाली."

एकदा थंडीत रायबंदर ते पणजी चालतही गेलो. तो रस्ता म्हणजे पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला बांधपूल, जवळजवळ तीन किलोमीटर, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं. पस्तीस वर्षं त्याच्यावरून रोज दोनदा गेलो पण बसमध्ये उभा राहून, माणसांच्या काखेतून जेवढं दिसेल तेवढं. चालत सव्वा तास लागला, गुडघा दोनदा बोलला, दोनदा थांबलो. गुडघा बोलतो तेव्हा थांबायचं हा करार आहे आमचा. आणि थांबलो म्हणून तर मिठागरातले ते लांब पायांचे पक्षी दिसले.

पहाटे साडेचारला जाग येते. तरुणपणी अलार्म लावूनसुद्धा यायची नाही. डॉक्टर म्हणाले की वयाबरोबर शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, संध्याकाळी झोप लवकर आणि पहाटे जाग लवकर, त्यात आजार काही नाही. मग मी ते घड्याळ मान्य करून टाकलं. साडेचार ते साडेसहा हे माझे दोन तास, चहा, ओटीवर बसणं, मग पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा हॉर्न, पोय आणि काकणं हे आमचे पाव घेणं, मग पेपर. पेपरात आधी निधनवार्ता वाचतो, आमच्या वयाचे सगळेच वाचतात, आणि त्यात वाईट काही नाही, कुणाच्या घरी भेटायला जायचं ते तिथूनच तर कळतं.

मासळीचं थोडक्यात सांगतो, नाहीतर संपायचंच नाही. बाजार आता माझ्याकडे आहे. कल्ला लाल हवा, डोळा चकचकीत आणि वर आलेला हवा, बोटाने दाबलं की मांस परत वर यायला हवं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, तेव्हा समुद्राचं सोडून द्यायचं आणि नदीचं, मानशीचं म्हणजे बांधाच्या दाराशी धरलेलं बघायचं, शेवटे, काळुंदर. हुमण म्हणजे माशाची आमटीही मीच करतो आठवड्यातून तीन दिवस. कारण रिटायर झाल्यावर दुसऱ्या महिन्यात बायकोने अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही झालात रिटायर, मी कधी होणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते नाही याची मला मनापासून लाज वाटली. चाळीस वर्षं त्या बाईने एक रविवार घेतला नाही हो. म्हणून तीन दिवस माझे. तिच्या मते माझ्या हुमणात तिरफळं जास्त पडतात. ती जेवते मात्र.

आता कानांबद्दल बोलतो, आणि याच्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

माझी नात पुण्याला असते. ती पाच वर्षांची असताना एकदा फोनवर मला काहीतरी खूप उत्साहाने सांगत होती आणि मला नुसता आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मी म्हणत होतो "हो का, छान, छान." ती थांबली. मग मागे आईला म्हणाली, ते मात्र नेमकं ऐकू आलं, "आजोबा ऐकतच नाहीत." नंतर कळलं, ती सांगत होती की शाळेच्या नाटकात ती ससा झालीय.

मी त्याच आठवड्यात पणजीला कानाची तपासणी केली. तिथल्या मुलीने आलेख दाखवला, त्याच्या डाव्या टोकाला रेघ बरी होती आणि उजव्या टोकाकडे जाताना घसरगुंडीसारखी खाली. म्हणाली, काका, वयाने आधी बारीक, उंच आवाज जातात. भरड आवाज शाबूत राहतात. म्हणून फेरीच्या इंजिनाची धडधड तुम्हाला घरात बसून ऐकू येते पण लहान मुलांचा आवाज नाही. आणि स, श, फ, त अशी अक्षरं उंच आवाजातली, ती गळतात, स्वर तेवढे पोचतात. म्हणजे बघा, 'ससा' या शब्दातलं माझ्यापर्यंत फक्त 'अआ' येत होतं! माझ्या नातीने निवडून निवडून तोच शब्द सांगायचा होता.

दोन्ही कानांना मशीनं घेतली. पहिला आठवडा कठीण होता, पेपरची पानं उलटली की पत्रा हलवल्यासारखं वाटायचं, नळ, चपला, ताटवाट्या, सगळं अंगावर यायचं. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं होतं की मेंदूला परत सवय लागायला वेळ लागतो, रोज घाला, काढून ठेवू नका. मी काढलं नाही. तिसऱ्या आठवड्यात फेरीच्या धक्क्यावर उभा होतो आणि खारफुटीतून एक बारीक, लांब, टोकदार शीळ आली, छोटा खंड्या, पाण्यावरून निळी रेघ मारत गेला. तो पक्षी मी दोन-तीन वर्षं रोज बघत होतो. तो ओरडतो हे मी विसरलो होतो.

माझ्या वयाची कितीतरी माणसं आहेत गावात, चष्मा बिनधास्त लावतात आणि कानाचं मशीन म्हटलं की "नको रे, लोक काय म्हणतील." लोक काय म्हणतील ते तुम्हाला ऐकू तरी येतंय का, असं मी त्यांना विचारतो. ते हसतात, आणि दोघे जण खरंच तपासून आले. डॉक्टरांचं म्हणणं आहे की कमी ऐकू येणं तसंच सोडलं तर माणूस एकटा पडतो आणि पुढे डिमेन्शियाचा धोकाही वाढतो. पैशाची अडचण असेल तर केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, २०१७ पासून, दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना तिच्यातून कानाचं मशीन, चष्मा, काठी, कवळी मिळते. चौकशी करा. नाही जमलं तर माझ्याकडे या, फॉर्म भरायला बसू आपण, फॉर्म भरण्यात माझी पस्तीस वर्षं गेलीत.

फॉर्मवरून आठवलं, नोव्हेंबर. नोव्हेंबर हा माझा सर्वात बिझी महिना, कारण पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत जाऊन लाइनीत उभं राहायचं, एका ठिकाणी तर ज्येष्ठांच्या खिडकीसमोर एकसुद्धा खुर्ची नव्हती, मी तीनदा लेखी दिलं तेव्हा दोन आल्या. मग अंगठ्याचं मशीन आलं, पण म्हाताऱ्या माणसांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, शेतात काम केलेल्यांच्या तर जास्तच, मशीन घेतच नाही. आता चेहऱ्यावरून होतं, मोबाइलवर, घरबसल्या. मी ते शिकून घेतलं आणि आता वाड्यावरच्या बाराचौदा जणांचं मीच करतो.

आमच्या शेजारच्या आजी शहाऐंशीच्या. नवरा पोस्टात होता, त्याची कुटुंब पेन्शन. केंद्राच्या पेन्शनवाल्यांत ऐंशीच्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणून मी ऑक्टोबरात सकाळीच गेलो. म्हटलं, आजी, फोनकडे बघा आणि डोळे मिटा-उघडा, झालं. म्हणाल्या, "फोटो काढतलो? मागीर रांव." म्हणजे मग थांब. आणि आत गेल्या. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. बाहेर आल्या त्या काठापदराची साडी नेसून, केसांत अबोलीची फाती माळून, पावडर लावून. एवढं सगळं करून खुर्चीवर ताठ बसल्या आणि डोळे काही मिटेनात. "फोटोंत दोळे मिटिल्ले बरे दिसनात पुता!" मी परत समजावलं, सुनेने समजावलं, शेवटी त्यांचा पणतू समोर उभा राहून डोळे मिचकावायला लागला, त्या त्याला बघून हसल्या आणि हसताना डोळे मिटले, आणि फोन म्हणाला, झालं. तो फोटो त्यांना फ्रेम करून हवा होता. तो काही तिथून निघत नाही, म्हणून मी वेगळा काढून दिला, अबोलीसकट. भिंतीवर आहे, नवऱ्याच्या शेजारी.

या एका दाखल्याला मला अडीच तास लागले, चहा-शंकरपाळी धरून. ऑफिसात असतो तर सात मिनिटांत संपवून "पुढचे" म्हटलं असतं, आणि मी तसं म्हणत होतोच, हे मला आता रुततं. तेव्हा टेबलाच्या पलीकडे उभी असलेली माणसं हीच तर होती.

रविवारी नातीचा व्हिडिओ कॉल असतो. आता ती आठ वर्षांची आहे, माझी मशीनं तिला फार आवडतात, तिने विचारलं होतं की याच्यात गाणी पण लागतात का. लागतात. मागच्या रविवारी मध्येच म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे तो कोण ओरडतोय?" बाहेर पेरूच्या झाडावर तांबट होता, टुक टुक टुक चाललेलं. मी म्हटलं, थांब, दाखवतो, आणि फोन घेऊन अंगणात गेलो. दिसला नाही तो, पानांत होता, पण आम्ही दोघांनी तो किती वेळा ओरडतो ते मोजलं, एकशे चाळीसपर्यंत पोचलो आणि मग तिचं जेवण वाढलं होतं.

तर असा जातो. आणखी काही विचारायचं असेल तर साडेदहाच्या फेरीत या, मी खारफुटीच्या बाजूला असतो. रायबंदरला सगळ्यात शेवटी उतरतो, त्यामुळे घाईत असाल तर बोट चालू असतानाच विचारा.