जुने खेळ चालतात, जुने अहवाल उघडत नाहीत

१९९३ साली आलेला 'डूम' हा खेळ माझ्या आजच्या लॅपटॉपवर, तोही लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीवर, फारशी खटपट न करता चालतो. त्यानंतर कित्येक वर्षांनी बेळगावात तयार झालेल्या एखाद्या मराठी पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाची मूळ फाइल त्याच लॅपटॉपवर उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांची निरर्थक रांग उभी राहते. खेळ करमणुकीसाठी होता आणि तो तीस वर्षे टिकावा असा कोणाचा हेतू नव्हता. अहवालात मात्र सभासदांच्या पैशांचा हिशेब होता. संगणकाच्या नादाला लागून आयुष्याचा बराच काळ घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, एखाद्या मानकाची, म्हणजे अनेकांनी पाळायच्या तांत्रिक नियमांची, किंमत त्यावर कोणत्या समितीची मोहोर आहे यावरून करू नये. ते वापरणारी मूळ कंपनी बंद पडल्यावर दुसऱ्या कोणाला ते वापरून तेच काम पुढे चालवता येते की नाही, एवढेच पाहावे. ही परीक्षा खेळांच्या वाट्याला सर्वांत लवकर येते, कारण खेळ बनवणाऱ्या कंपन्या भराभर बुडतात आणि खेळणारे लोक मात्र कमालीचे हट्टी असतात.

'डूम' टिकला त्याची कारणे साधी आहेत. त्याचे नकाशे, चित्रे आणि आवाज एका स्वतंत्र फाइलमध्ये होते व ते चालवणारे इंजिन, म्हणजे मुख्य प्रोग्रॅम, वेगळे होते. त्या फाइलची रचना लोकांनी लवकरच उलगडली. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये खेळ बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने इंजिनाचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल या, कोणालाही कोड बदलून वाटू देणाऱ्या, परवान्याखाली आणला. यात एक बारीकशी गोष्ट मला नेहमी बोधक वाटते. खुला केलेला कोड डॉस या त्या काळच्या कार्यप्रणालीचा नव्हता, लिनक्सचा होता. कारण डॉसच्या आवृत्तीतील आवाजाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेली होती आणि ती वाटण्याचा अधिकार इडकडे नव्हता. एका परक्या तुकड्यामुळे मूळ मालकालासुद्धा आपलेच काम पूर्ण देता आले नाही.

आवाजाचाच विषय निघाला आहे, तर साउंड ब्लास्टर या आवाजाच्या कार्डाबद्दलही लिहिले पाहिजे. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने हे कार्ड काढले, तेव्हा त्यात आधीच्या ॲडलिब कार्डाशी जुळणारी तीच यामाहाची चिप ठेवली, त्यामुळे जुने खेळ त्यावर पहिल्या दिवसापासून वाजले. यासाठी कोणतीही समिती बसली नव्हती. तरीही पत्ता २२०, आयआरक्यू ५ किंवा ७, डीएमए १ हे कार्डाशी संपर्क साधण्याचे आकडे इतके सर्वमान्य झाले की, बेळगावात असेम्बल करून मिळणाऱ्या संगणकांत मूळ कार्ड क्वचितच असूनही, त्याची नक्कल करणाऱ्या स्वस्त कार्डावर खेळ निमूटपणे आवाज काढत. संगणक सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमधली हे आकडे सांगणारी ओळ माझ्या पिढीतल्या पुष्कळांना अजून तोंडपाठ असेल. २००२ मध्ये आलेल्या, डॉसचे जुने खेळ चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅमने पुढे याच नकलेची नक्कल केली. प्रत्येक खेळ त्या एकाच कार्डाशी बोलत असल्यामुळे एकाच कार्डाचे सोंग आणले की शेकडो खेळ जिवंत होत होते.

याच्या उलट उदाहरण ग्लाइडचे. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू हे ग्राफिक्स कार्ड आले आणि त्याच्यासाठी लिहिलेले खेळ त्या काळात इतर कशापेक्षाही देखणे दिसत, परंतु ग्लाइड ही त्या एका कंपनीच्या कार्डाची भाषा होती. २००० च्या अखेरीस ती कंपनी आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकून मोकळी झाली आणि ती भाषा बोलणारे नवे कार्ड पुन्हा बाजारात आले नाही. ओपनजीएल हे त्याच कामाचे खुले मानक १९९२ पासून उपलब्ध होते, अनेक कंपन्यांच्या संमतीने चालत होते आणि माझा कल उघडपणे त्याच्याकडे होता. तरी खेळांच्या क्षेत्रात जिंकले ते मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टथ्रीडी, कारण नवे कार्ड आले की त्याची नवी आवृत्ती लगोलग येई आणि ओपनजीएलची समिती एकमत होण्याची वाट पाहत बसे. खुलेपणाचे गोडवे गाणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे मान्य करायला हवे की, उशिरा येणारे मानक कितीही न्याय्य असले तरी काम करणारा माणूस त्याच्यासाठी थांबत नाही.

गंमत म्हणजे आता त्या डायरेक्टथ्रीडीचेही तेच झाले आहे जे साउंड ब्लास्टरचे झाले. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा, १९९३ पासून चालत आलेला वाइन प्रकल्प, २०१६ चे व्हल्कन हे खुले ग्राफिक्स मानक आणि खेळ विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये त्यांच्या आधारावर आणलेले प्रोटॉन यांच्या जोरावर विंडोजसाठी लिहिलेले बहुतेक खेळ लिनक्सवर धावतात. २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक हे हातात धरून खेळण्याचे यंत्र तर याच पायावर उभे आहे. लिनक्सवर जुना विंडोजचा खेळ चालतो आणि त्याच काळातला खास लिनक्ससाठी बांधलेला खेळ लायब्रऱ्या बदलल्यामुळे अडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मालकीचे मानक इतरांना हुबेहूब उभे करता आले, म्हणून ते मालकाच्या हातातून निसटून सर्वांचे झाले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या, मशीनवर काम करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. जी०१ म्हणजे सरळ रेषेत काप आणि एम०३ म्हणजे स्पिंडल सुरू, हे जवळजवळ कोणत्याही कंपनीच्या कंट्रोलरवर चालते. मात्र ड्रिलिंगची तयार सायकल एका कंट्रोलरवरून उचलून दुसऱ्यावर नेली की तिथे हमखास हात घालावा लागतो, कारण तेवढा भाग प्रत्येकाने आपापल्या सोयीने केलेला असतो.

नेटवर्कवरच्या खेळांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. 'डूम' आणि त्याच्या मागून आलेले अनेक खेळ आयपीएक्स या प्रोटोकॉलवर, म्हणजे संगणकांनी आपसांत बोलण्याच्या ठरीव पद्धतीवर, एकमेकांशी जोडले जात. विंडोज व्हिस्टापासून तो प्रोटोकॉल काढून टाकण्यात आला, तरी लोकांनी तोच आयपीएक्स इंटरनेटच्या पॅकेटांत गुंडाळून खेळ चालू ठेवले. बेळगावातल्या कॉलेज रोडच्या परिसरातल्या गेमिंग पार्लरमध्ये केबल टाकून काउंटर-स्ट्राइक खेळलेल्या पिढीला याचे महत्त्व कळेल: सर्व्हर त्याच खोलीतल्या एका संगणकावर असे, म्हणून कोणा परक्याची परवानगी लागत नसे. आज पैसे मोजून घेतलेले अनेक खेळही कंपनीच्या सर्व्हरवाचून सुरू होत नाहीत. युबिसॉफ्टने 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, आणि बराचसा खेळ एकट्याने खेळण्याजोगा असूनही विकत घेतलेल्या प्रती निरुपयोगी झाल्या. त्यानंतर सुरू झालेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेला युरोपात जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या. सर्व्हर कायम चालवा असा तिचा आग्रह नाही. जाताना खेळ चालू शकेल अशा अवस्थेत सोडून जा, एवढीच मागणी आहे, आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते.

आता आमच्या सीमाभागातल्या अहवालाकडे येतो, कारण तो कोणत्याही सर्व्हरवर अवलंबून नव्हता आणि तरीही मेला.

१९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांचे मानक आयएस १३१९४ म्हणून स्वीकारले. त्याची मूळ कल्पना बेळगावसारख्या गावासाठीच केली असावी असे मला वाटते: ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एक, म्हणून क या वर्णाला मराठीत आणि कन्नडमध्ये एकच संकेत. मराठीत टंकलेले सभासदाचे नाव केवळ लिपी बदलून कन्नडमध्ये दाखवता येई. कन्नडमधले ऱ्हस्व ए आणि ओ किंवा मराठीतला ॲ अशा जागी यांत्रिक लिप्यंतर अडखळते हे खरे, पण दोन भाषांत सभासदयादी ठेवणाऱ्या संस्थेला यापेक्षा सोयीचे काही नव्हते. पुढे विंडोज आले आणि ही व्यवस्था रोजच्या कामातून मागे पडली. विंडोज ९५ किंवा ९८ ला देवनागरी जुळवता येत नव्हती, म्हणून फॉण्ट विकणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, रफार आणि अर्ध्या अक्षरांचे तुकडे बसवले, आणि प्रत्येकाने ते स्वतःच्या क्रमाने बसवले. त्यावर चोरी होऊ नये म्हणून प्रिंटरच्या पोर्टला लावायचे हार्डवेअर लॉक आले. आता तो पोर्टही नव्या संगणकांना नसतो.

इथे एक गोष्ट मराठी माणसाला रुचणार नाही, पण सीमेवर बसून दोन्ही बाजू दिसतात म्हणून लिहितो. कन्नडची गत त्याच काळात याहून बरी होती. कर्नाटक शासनाने कन्नड फॉण्टसाठी सामायिक संकेतरचना मान्य केली आणि कन्नड गणक परिषदेचे 'नुडी' हे सॉफ्टवेअर लोकांना मोफत मिळाले. तीही तुकड्यांचीच पद्धत होती, तांत्रिकदृष्ट्या फार चांगली नव्हे. परंतु रचना सामायिक असल्याने जुना मजकूर युनिकोड या आजच्या जागतिक अक्षरसंकेतात आणणारा एक परिवर्तक पुष्कळ जागी उपयोगी पडला. मराठीत जितक्या कंपन्या तितक्या रचना, आणि म्हणून तितकेच परिवर्तक लागतात. एकाच डीटीपीच्या दुकानात, एकाच संगणकावर केलेल्या अहवालाचा कन्नड भाग आज वाचता येतो आणि मराठी भागासाठी मूळ फॉण्ट कोणता होता याचा शोध घेत बसावे लागते.

युनिकोडने हा गोंधळ संपवला, असे सर्वसाधारणपणे म्हणता येईल. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, एक्सपीमध्ये कन्नड आली. युनिकोडने इस्कीचा वर्णक्रम राखला, त्यामुळे आजही देवनागरीतला क आणि कन्नडमधला क आपापल्या गटात एकाच क्रमांकावर आहेत. परंतु मानक छापून आले म्हणजे काम झाले असे नसते. शेतकऱ्यांच्या यादीतला 'ऱ्या' दोन प्रकारांनी टंकता येतो: खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि संगणकाच्या लेखी दोन्ही भिन्न आहेत. ॲचीही तीच कथा. त्याचा स्वतंत्र संकेत २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आला आणि त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन टंकलेला आहे. चिकोडी-निपाणीकडच्या एखाद्या संस्थेने हजारो नावांच्या यादीत शोध घेतला आणि काही नावे सापडली नाहीत, तर दोष बहुधा कारकुनाचा नसतो.

ज्या खेळांमुळे मला मानकांचा आदर वाटू लागला, तेच खेळ आमच्या लिप्यांच्या बाबतीत मात्र सर्वांत मागासलेले निघाले, याची खंत वाटते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर आणि लिहिण्यात त्याआधी येते. कन्नडमध्ये ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातले पुढचे व्यंजन, मूळ अक्षराखाली बसते. ही जुळणी करण्यासाठी हार्फबझसारखे खुले सॉफ्टवेअर उपलब्ध आहे आणि क्रोम, फायरफॉक्स व लिब्रेऑफिस ते वापरतात. तरीसुद्धा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गेम इंजिनांत अनेक वर्षे मराठी शब्द लिहिला की वेलांटी सुटून पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षर हलन्तासकट फुटे. युरोपीय भाषा, चिनी आणि जपानी नीट दिसल्या की आंतरराष्ट्रीयीकरण झाले, अशी समजूत होती; आपल्याकडचे कोट्यवधी लोक मोबाइलवर खेळत असूनही ती कोणाला बदलावीशी वाटली नाही, कारण आपणच इंग्रजीत खेळत राहिलो.

मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ या खुल्या इंजिनाने हार्फबझ आत घेतले आणि तिथे मराठी व कन्नड दोन्ही नीट दिसतात. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी अधूनमधून खेळ बनवतात आणि दुसऱ्या इंजिनात अक्षरे फुटतात म्हणून प्रत्येक शब्दाचे चित्र करून चिकटवतात; किल्ल्याच्या दारावर 'राजहंसगड' अशी पाटी हवी असेल तर त्याचेही चित्र. मला विचारले तर मी ते करू देत नाही. चित्रातला शब्द शोधता येत नाही, त्याचा कन्नड अनुवाद करायचा तर पाटी नव्याने काढावी लागते, आणि छोट्या पडद्यावर तो धूसर होतो. मजकूर साध्या युनिकोड तक्त्यात ठेवावा, एका स्तंभात मराठी, दुसऱ्यात कन्नड, तिसऱ्यात इंग्रजी. इंजिन उद्या बदलले तरी तक्ता तसाच उचलून नेता येतो. डीटीपीवाल्यांनाही मी हेच सांगतो की, छपाईसाठी तुम्हाला हवा तो फॉण्ट वापरा, पण संस्थेला अहवालासोबत युनिकोडमधला मजकूर वेगळा द्या. त्यावर मिळणारे उत्तर ठरलेले असते: त्याचे पैसे जादा पडतील. संस्थांच्या चिटणिसांनी छपाईचे दरपत्रक मागवताना ही एक ओळ त्यात आधीच घातली, तर हा जादा आकार किती रास्त आहे ते चार दरपत्रकांत आपोआप दिसेल.