कल्ले आखडले म्हणजे बदलला का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहायला बसले. एरवी हेच उत्तर मी फोनवर देते, मासळी बाजारात देते, कुणाच्या लग्नाच्या पंगतीतही देते. प्रश्न साधारण असा असतो: ‘टीचर, आमच्या अ‍ॅक्सोलॉटलचे कल्ले बारीक झालेत. तो बदलायला लागलाय का?’ (हा टाकीत पाळला जाणारा, पाण्यात राहणारा उभयचर; बदलणं म्हणजे पिल्लूपण टाकून जमिनीवरचं रूप घेणं.) आमच्या फोंड्याच्या वाड्यावरची पोरं टाकीला नाक लावून तेच कोकणीत विचारतात, ‘टीचर, हाचो बेबो जातलो काय?’ म्हणजे, याचा बेडूक होणार का?

बेबो काही होणार नाही. बेडूक आणि अ‍ॅक्सोलॉटल दोन्ही उभयचर असले, तरी अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलमँडरच्या कुळातला. तो बदललाच, तर शेपटीवाला, चार पायांचा, जमिनीवर राहणारा सॅलमँडर होईल. आणि बहुतेक अ‍ॅक्सोलॉटल जन्मभर बदलतच नाहीत. कल्ले, शेपटीचा पर, बिनपापण्यांचे डोळे हे पिल्लूपण अंगावर तसंच ठेवून ते वयात येतात, अंडी घालतात आणि नीट ठेवले तर दहा-पंधरा वर्षं पाण्यातच काढतात.

गोंधळ होतो तो आपल्या पावसाळ्यामुळे. गोव्यातल्या पोराने जूनमध्ये शेतातल्या पाण्यात बेडूकमासे पाहिलेले असतात. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, मग शेपटी जिरते आणि बेडूक उडी मारून बांधावर येतो. हाच हिशेब लोक टाकीतल्या प्राण्याला लावतात. ‘पाय आले, म्हणजे सुरू झालं ना?’ असं विचारणारे पालक मला दर वर्षी भेटतात. अ‍ॅक्सोलॉटलच्या पिल्लाला पाय येतात ते निव्वळ वाढीचा भाग म्हणून, आणि तेही उलट्या क्रमाने: आधी पुढचे, नंतर मागचे. शेपटी तर त्याची बदलल्यावरही जात नाही. तेव्हा पाय मोजू नका, शेपटी गळण्याची वाट पाहू नका. (आपल्याच घाटात असे इवलेसे झुडपी बेडूक आहेत, ज्यांची पिल्लं बेडूकमाशाची अवस्था अंड्याच्या आतच उरकून थेट छोटा बेडूक होऊन बाहेर पडतात. निसर्गाला आपल्या पाठ्यपुस्तकातल्या आकृतीचं काही बंधन नाही.)

न बदलण्याचं कारण थायरॉईडमध्ये आहे. बेडूक असो वा सॅलमँडर, अंगात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं संप्रेरक, वाढलं की कल्ले जिरायला, कातडी घट्ट व्हायला लागते. अ‍ॅक्सोलॉटलला थायरॉईड ग्रंथी आहे, आणि शरीराला तिचा हुकूमही कळतो. पण त्या ग्रंथीला जागं करणारा मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा इशाराच पुरेसा येत नाही. शाळेत घंटा आहे, ऐकणारी मुलं आहेत, वाजवणारा शिपाई मात्र कायमचा रजेवर, असा हा प्रकार.

हे कळायला माणसांना बराच काळ लागला. १८६४ साली मेक्सिकोहून ३४ अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला पोचले, त्यातले सहा ऑगुस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आले. त्यांची वीण झाली, आणि पुढच्या वर्षी त्या पिल्लांपैकी काहींचे कल्ले जिरले, पर गेले, अंगावर ठिपके उठले. ज्याला लोक पूर्ण वाढलेला प्राणी समजत होते, तो पिल्लू ठरला. पुढे १८७०च्या दशकात मारी फॉन शोव्हँ या जर्मन बाईंनी पाणी हळूहळू उथळ करत नेऊन, विलक्षण चिकाटीने, काही अ‍ॅक्सोलॉटल जमिनीवर आणले. १९२० मध्ये ज्युलियन हक्सलीने बैलाची थायरॉईड ग्रंथी खाऊ घालून तेच घडवलं. म्हणजे दार बंद आहे, पण कुलूप गंजलेलं नाही. क्वचित ते आपसूकही उघडतं, आणि तुमचा प्रश्न तिथेच येतो.

आता कल्ले. माझ्याकडे आलेल्या ‘बदलतोय’ म्हणणाऱ्या फोटोंपैकी जवळजवळ सगळे फोटो बिघडलेल्या पाण्याचे असतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फांद्या आणि त्यांवर मऊ लाल तंतू, असा हा अवयव. सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात आधी तक्रार करणारा. पाण्यात अमोनिया साठला की तंतू झडतात. फिल्टरचा झोत जोराचा असला की फांद्या पुढे वळतात. टाकीत गोल्डफिश सोडला असेल तर तो ते तंतू किडे समजून टोचत बसतो, मग एका बाजूचे कल्ले भरगच्च आणि दुसऱ्या बाजूचे बोडके दिसतात. उलट पाणी गार आणि प्राणवायूने भरलेलं असेल, तर मोठ्या कल्ल्यांची गरजच पडत नाही, ते आटोपशीर राहतात आणि प्राणी ठणठणीत असतो. एकच लक्षण आणि कारणं इतकी. त्यामुळे नुसत्या कल्ल्यांवरून मी कधीच निदान करत नाही.

शिवाय आपण गोव्यात आहोत. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे आहेत, हा प्राणी मूळचा तिथला. गाव समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास उंच, पाणी गार. त्याला मानवतं ते १६ ते १८ अंश सेल्सिअस. चोवीसच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यात पणजीत किंवा म्हापशात चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) नसलेल्या टाकीचं पाणी तीसच्या घरात जातं, त्यात वळवाच्या वादळाने वीज गेली की चिलर असलेल्यांचीही तीच गत. असा तापलेला प्राणी खाणं सोडतो, वरचेवर पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, काचेवर धडका देतो, कधी उडी मारून बाहेरही पडतो. मालकाला वाटतं, जमिनीची ओढ लागली. जमिनीची कसली, त्याला त्या पाण्यातून सुटायचं असतं! हवा गिळणं तर त्याच्या रोजच्या वागण्यातलं आहे, कारण फुप्फुसं त्याला आधीपासूनच असतात.

विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांना आणखी एक सांगते. आपल्याकडच्या चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी पुष्कळदा मऊ आणि थोडं आम्लधर्मी असतं. त्याला हवं असतं ते जड, किंचित अल्कधर्मी पाणी. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया पचवणारे जिवाणूही मंदावतात. म्हणून पहिलं काम तपासणीचं किट आणि थर्मामीटर. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान विशीच्या आत, आणि तरीही बदल पुढे सरकतोय, असं असेल तरच पुढचं वाचा.

खरोखर बदललेला अ‍ॅक्सोलॉटल मी पाहिला तो मडगावच्या एका मुलीकडे. पाणी तिचं चोख होतं, चिलर रात्रंदिवस चालू. तिने एक शहाणपणा केला होता: दर रविवारी त्याच जागेवरून, एकदा वरून आणि एकदा बाजूने, काचेला पट्टी चिकटवून फोटो काढत होती. रोज बघणाऱ्याच्या नजरेला न दिसणारा बदल त्या फोटोंत दिसत होता. सगळ्यात आधी गेला तो पर. डोक्याच्या मागून निघून पाठीवरून शेपटीपर्यंत जाणारा तो पारदर्शक पडदा आधी पाठीवर खुजा झाला, मग शेपटीवरून वरूनही आणि खालूनही ओसरला. चपटी शेपटी गोलसर व्हायला लागली. कल्ले त्याच सुमारास आखडले, पण दोन्ही बाजूंनी सारखे. नुसते तंतू झडले नाहीत, फांद्याच मुळाकडे आत ओढल्यागत आखूड झाल्या.

मला पटलं ते डोळे पाहून. अ‍ॅक्सोलॉटलचे डोळे सपाट, कडेला बसवलेले, पापणी नसलेले. ह्याचे वर आले होते, खालच्या कडेला कातडीची घडी दिसत होती. तिने चिमट्याने गांडूळ पुढे केलं. त्याने तोंड लावलं नाही, पण डोळे क्षणभर मिटून उघडले. पापणी लवणारा अ‍ॅक्सोलॉटल पाहिल्यावर शंकेला जागा उरत नाही. नंतरच्या आठवड्यांत कात निघाली, अंगावरचा बुळबुळीतपणा गेला, करड्या अंगावर पिवळसर डाग उठले, डोकं अरुंद झालं, कल्ल्यांमागच्या फटी मिटल्या. हे सगळं एका रात्रीत होत नाही, आठवडेच्या आठवडे चालतं. उलट, ज्याचे कल्ले सोमवारी ठीक होते आणि बुधवारी झडले, तो आजारी आहे. त्याचं पाणी बदला.

थोडक्यात, पर आणि डोळे. कल्ल्यांना साक्षीदार म्हणून बोलवा, न्याय देऊ देऊ नका. परही उपासमारीत बारीक होतो, हे खरं. पण उपाशी प्राण्याला पापण्या फुटत नाहीत.

काहींच्या बाबतीत प्रश्नच वेगळा असतो, कारण दुकानातून आणलेला प्राणी अ‍ॅक्सोलॉटल नसतोच. टायगर सॅलमँडर या त्याच्या जवळच्या भाऊबंदाची पिल्लं लहानपणी इतकी सारखी दिसतात की विकणाऱ्यालाही कळत नाही, किंवा कळूनही तो बोलत नाही. ती पिल्लं बदलणारच, तो त्यांचा नेहमीचा क्रम. भरीत भर म्हणजे, अमेरिकेत १९६२ साली रुफस हम्फ्री या संशोधकाने अल्बिनोपणाचा, म्हणजे अंगात काळा रंगच नसण्याचा, गुण आणण्यासाठी अ‍ॅक्सोलॉटलचा टायगर सॅलमँडरशी संकर केला, त्यामुळे आजच्या पाळीव वंशात त्या रक्ताचा अंश आहेच. म्हणून खरेदीच्या वेळी पालक जोडी कोणती, हे विचारा. आणि हा प्राणी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर आपल्याकडे अशा प्राण्यांची सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. दुकानदार हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

कधी एखादा मुलगा, बहुधा माइनक्राफ्ट हा व्हिडिओ गेम खेळून आलेला (त्यातही हा प्राणी आहे), डोळे चमकवत विचारतो, ‘टीचर, औषध घालून बदलवता येतो ना?’ येतो. आणि घरात ते करू नये. आयोडीन किंवा थायरॉईडच्या गोळ्यांचं प्रमाण चुकलं तर प्राणी मरतो; बरोबर बसलं तरी शरीराची इतकी उलथापालथ होते की त्यातून तरणारेही पुढे फार दिवस काढतील याची खात्री नसते. परतीची वाट तर नाहीच. रानात ज्याची जात नामशेष व्हायला टेकलीय, त्याच्यावर हौस म्हणून प्रयोग करायचा, हे मला पटत नाही, आणि मी त्या पोराला तसं तोंडावर सांगते.

आपसूक बदललाच तर मात्र हात जोडून बसायचं नाही. पाणी हळूहळू कमी करत जा, चढून बसायला एका बाजूला उतार करा, कारण कल्ले जिरलेला प्राणी खोल पाण्यात बुडू शकतो. कल्ले पूर्ण गेले की ओलसर कोकोपीटची, लपायला खापराचा तुकडा ठेवलेली पेटी. झाकण जाळीचं, पण घट्ट, तो चढतो. हातात घेऊ नका, नवी कातडी नाजूक असते. पहिले काही दिवस खाणार नाही. नंतर चिमट्यात गांडूळ धरून नाकासमोर हलवलं की झडप घालतो, कारण आता तो हालचाल बघून शिकार करतो. आपल्या हवेत दमटपणाचा प्रश्न नाही, पण पाणी गार करायला चिलर मिळतो, माती गार करायला मिळत नाही. मडगावच्या मुलीने अखेर ती पेटी घरातल्या एसी असलेल्या एकमेव खोलीत, म्हणजे आजीच्या खोलीत, हलवली. आजीची हरकत फक्त गांडुळांच्या डब्याला होती.

सोडून देण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो काढून टाका. ना टाकीतला, ना बदललेला. तळ्यात नाही, झरीत नाही. आपल्या उन्हाळ्यात तो मरेल, आणि मरण्याआधी बाहेरचे रोग आपल्या बेडकांना देऊन जाईल. त्या बिचाऱ्यांच्या मागे पावसाळ्यात त्यांना पकडून खाणारे कढईवालेच पुरेसे आहेत.

फोटो जरूर पाठवत जा. फक्त चेहऱ्याचा नको, तो सगळ्यांचाच गोड असतो. बाजूने काढलेला, शेपटीच्या टोकापर्यंतचा पाठवा, महिन्याभरापूर्वीचा असेल तर तोही जोडा, आणि सोबत पाण्याचं तापमान आणि अमोनियाचा आकडा लिहा.